पाण्याची रांग

“आहे,” असं मी दिलावरला सांगून टाकलं आणि मग पाण्याकडे पाहिलं. आधी पाण्याकडे बघायचं आणि मग तोंड उघडायचं, हा आमच्या कामातला पहिला धडा. आठ वर्षं तो मी दुसऱ्यांना शिकवत होते.

बाकड्यावरून उठून त्याने माझे हात धरायला हात पुढे केले, मग भान आलं तसे स्वतःचेच दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले.

“खरंच आहे ताई? माझं रक्त आहे शमीमच्यात?”

“दोन रेघा दिसतायत. बाईच्या रक्तात एकच असते. दुसरी तुमची.”

“अम्मीला फोन करून येतो,” म्हणत तो तीन-तीन पायऱ्या टाकत जिना उतरला. चपला बाकड्याखालीच राहिल्या.

मी परत मागच्या खोलीत गेले, तर आमचे प्रयोगशाळा सहायक बाबर जांभळ्या दिव्याच्या काचेवर वाकून बघत होते. बाबर म्हणजे पन्नाशीचा, ढेरीवर एप्रनचं बटण कधी न लागलेला माणूस.

“भोकरेबाई, ही कडेची रांग कुणाची वो?”

“पाण्याची.”

“मग पाण्याला मिशा कशा फुटल्या?”

मी चष्मा वर सारून पाहिलं. शेवटच्या रांगेत, जिथे काळोखाशिवाय काही दिसायला नको, तिथे दोन नारिंगी रेघा होत्या. फिक्या, पण दोन.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची, मिरजेतली. एका दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती: दोन खोल्या, मधे बोळ, बोळात एक बाकडं. माणसं तीन. प्रमुख डॉ. दातारमॅडम, मी तंत्रज्ञ, आणि बाबर. शमीम बावीस वर्षांची, दिलावरची धाकटी बहीण. तिच्या हाडांतल्या मगजाने रक्त बनवायचं बंद केलं होतं. तीन महिन्यांपूर्वी मोठ्या शहरात नेऊन औषधांनी तो मगज पार जाळला आणि त्या जागी भावाचा मगज चढवला. सुरुवातीला लागला. आता तिच्या पांढऱ्या पेशी पुन्हा उतरायला लागल्या होत्या, आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. शिंगाड्यांपुढे दोन वाटा होत्या. भावाचं रक्त तिच्यात अजून असेल तर औषधं बदलायची आणि थांबायचं. गेलं असेल तर पंधरा दिवसांच्या आत भावाचा मगज पुन्हा चढवायचा. चुकीच्या वाटेने गेलं, तर मागे फिरायला शमीमकडे वेळ नव्हता.

भावाचं आहे की नाही हे ओळखायची आमची युक्ती साधी होती. बहीणभावात बाकी कितीही सारखं असो, पुरुषाचं एक गुणसूत्र भावाकडे असतं, बहिणीकडे नसतं. आम्ही अशा एका तुकड्याची नक्कल काढायचो, जो पुरुषाच्या त्या गुणसूत्रावर वेगळ्या लांबीचा असतो. बाईची एक रेघ, पुरुषाच्या दोन.

सकाळी रक्ताची नळी घेऊन आला तेव्हा दिलावरने मला खोदून खोदून विचारलं होतं. त्याचं काम तंबोरे बनवायचं, त्यामुळे एखादी वस्तू चालते कशी हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

“एवढ्याशा रक्तात तुम्हाला दिसतं तरी काय?”

“दिसत नाहीच. म्हणून वाढवतो,” मी म्हटलं होतं. “डीएनए म्हणजे दोन धाग्यांचा पीळ. उकळीच्या जवळ तापवला की पीळ सुटतो, धागे वेगळे होतात. जरा गार केला की आम्ही टाकलेले छोटे तुकडे नेमके आपल्या जागेवर जाऊन चिकटतात. मग मधला ताप दिला की एक रसायन तिथून पुढे उरलेला धागा विणत जातं. झाले एकाचे दोन. परत तापवायचं, परत गार. दोनाचे चार. असं पस्तीस वेळा.”

त्याने बोटांवर हिशेब करायचा प्रयत्न केला आणि बाराव्या दुपटीला सोडून दिला. “आणि शेवटी?”

“एकाचे तीस अब्जांच्या वर.”

“म्हणजे भोपळाच की वो,” तो म्हणाला. “तार एवढीशी बोलते. भोपळा तिचं मैफलभर करतो.”

आता हा भोपळा पाण्याचं मैफलभर करत होता. प्रत्येक खेपेला आम्ही एका नळीत रक्ताऐवजी नुसतं शुद्ध पाणी घालतो. बाकी सगळं तेच, तेवढंच. त्या रांगेत काहीही उमटता कामा नये. उमटलं, तर कुठून तरी परका डीएनए शिरलाय, आणि मग शेजारच्या रांगेतलं खरं किती आणि शिरलेलं किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

दातारमॅडमनी काच पाहिली, चष्मा काढला आणि विचारलं, “रजनी, कुणाला बोललीस?”

“दिलावरला.”

“काय?”

“आहे म्हणून.”

मॅडम रागावत नसत. त्या फक्त समोरच्याला आणखी बोलू देत आणि तो आपणच खड्ड्यात उतरे. मी उतरायच्या आत जिन्यावर पावलं वाजली. दिलावर पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता, अनवाणीच.

बोळात मी त्याला सांगितलं. शब्द कसे जुळवले ते आठवत नाही. त्याचा चेहरा आठवतो.

“म्हणजे नाही?”

“नाही असं नाही. माहीत नाही.”

“आत्ता तर आहे म्हणालात.”

“तेच पाण्यातही दिसतंय.”

“पाण्यात माझं रक्त?” त्याने पुड्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. “अम्मी तिकडे नमाजला बसली, ताई. तिला आता काय सांगू?”

मग तोच खाली बघत म्हणाला, “भोपळा कोरा असतो. तार बेसूर लागली तर तो बेसूरच मोठं करतो. यंत्राला बोल लावू नका. हात कुणाचा लागला ते बघा.”

हात कुणाचा लागला हे बघण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. त्यासाठी माझ्याकडे रजिस्टर होतं.

आमच्या दोन खोल्यांचं सोवळं कडक होतं. पुढच्या खोलीत मिश्रण बनवायचं, मागच्या खोलीत यंत्र आणि रेघा. मागच्या खोलीत नकला झालेल्या नळ्या उघडत. त्यातून न दिसणारा फवारा उडे आणि त्याच्या एका थेंबात कोट्यवधी नकला असत. म्हणून मागून पुढे जाताना चपला, एप्रन, हातमोजे सगळं बदलायचं. आणि या तपासणीपुरती पुढच्या खोलीत पुरुषाला बंदीच, कारण त्याच्या अंगाचा कोंडा पडला तरी दुसरी रेघ उमटायची. बाबर म्हणत, “बाहेर देवाला बायकांचा विटाळ, इथं बायकांना आमचा. फिटंफाट.”

कोण कधी कुठे गेलं आणि काय विसरलं, हे मी निळ्या कापडी पुठ्ठ्याच्या रजिस्टरात टिपून ठेवत असे. मला कुणी सांगितलं नव्हतं. स्वभाव. आठ महिन्यांत एक्केचाळीस नोंदी झाल्या होत्या. बाबर सव्वीस. दातारमॅडम नऊ, त्यांतल्या तीन शिंका. पाहुणे सहा. आपलं नाव त्यात नाही, हे मला त्या दिवसापर्यंत खटकलं नव्हतं.

“गुरुवार, सव्वाचार,” मी मॅडमना वाचून दाखवलं. “बाबर पुढच्या खोलीत. कारण, पंखा.”

बाबर दारात उभे होते. “पंख्याला हात लावला अन् पाण्याला पोरगं झालं व्हय?”

“बाबर,” मॅडम म्हणाल्या, “आत का गेलात?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंखा करकरतो, जरा चढून बघा, असं मीच म्हटलं होतं. रजिस्टरात तेवढं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नाही. “गेलो व्हतो खरं,” एवढंच म्हणाले.

मॅडमनी त्यांना दोन्ही खोल्या बंद केल्या. ते बोळातल्या बाकड्यावर दिलावरशेजारी जाऊन बसले. जाता-येता मला दोघं दिसायचे: एक बहिणीच्या उत्तराची वाट बघणारा, दुसरा माझ्या.

मंगळवारी आम्ही नवं पाणी, नवी रसायनं, नव्या नळ्या काढल्या. पाण्यात दोन रेघा. बुधवारी पुढची खोली छतापासून फरशीपर्यंत ब्लीचने पुसली, पंख्याची पाती मी स्वतः घासली, डोळे चुरचुरेपर्यंत. पाण्यात दोन रेघा. शमीमच्याही रांगेत दोन, प्रत्येक वेळी. पण त्या आता कुणाच्या म्हणायच्या?

डॉ. शिंगाडे रोज दोनदा फोन करत. “मॅडम, हो का नाही?”

“अजून नाही.”

“नाही म्हणजे रक्त नाही?”

“नाही म्हणजे उत्तर नाही.”

“पेशी नऊशेवर आल्या. मी सोमवारपर्यंत थांबेन. मग तुमची पहिली दोन रेघांची पट्टी खरी धरून औषधं बदलतो.”

मॅडमनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “पहिली पट्टी त्याला कुणी सांगितली?” दवाखान्यात पेढे वाटले गेले होते.

पाण्यात जो कुणी शिरला होता त्याचं नाव विचारायचा एकच मार्ग उरला होता. मंगळवारीच मॅडमनी पाण्यातली ती नक्कल पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवली, अक्षरं वाचायला. सोबत बाबरांच्या रक्तातला तोच तुकडा. दिलावरचा तुकडा मॅडमनी मगज चढवण्यापूर्वीच सवयीने वाचून घेतला होता, आणि त्यात एके जागी एक विरळा बदल निघाला होता. बहुतेकांत जिथे G असतो तिथे त्याच्यात A.

ते वाचतात कसं, हे बाबरांनी मॅडमना बाकड्यावरूनच विचारलं. माणूस गुन्हेगार म्हणून बसला होता, तरी चौकशी सुटत नव्हती.

“पुन्हा नक्कलच काढायची,” मॅडम दारात उभ्या राहून म्हणाल्या. “पण या वेळी चार अक्षरांबरोबर थोडी बुचं टाकायची. A ला हिरवं, C ला निळं, G ला काळं, T ला लाल. विणता विणता कुठे बूच लागलं की धागा तिथेच थांबला. लाखो धागे, प्रत्येक वेगळ्या अक्षरावर थांबलेला. ते लांबीप्रमाणे ओळीने पळवायचे. आखूड आधी, लांब नंतर. शेवटचा रंग टिपत गेलं की अक्षरं आपोआप वाचून होतात.”

“शाळा सुटल्यागत,” बाबर म्हणाले. “एकेक पोरगं फाटकातनं बाहेर, अन् आपण नुसत्या टोप्या मोजायच्या.”

“तसंच.”

“मग माझी टोपी कळंल म्हणा.”

“कळेल.”

शुक्रवारी दुपारी कागद आला. रंगीत डोंगरांची रांग, मधोमध पेनाने केलेला गोल. बाबरांच्या कागदावर गोलात काळा डोंगर. पाण्याच्या कागदावर हिरवा.

“A,” मॅडम म्हणाल्या. “बाबर नाहीत. पाण्यात दिलावर आहे.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तो कधी आत आला होता?”

“नाही. बोळाच्या पुढे कधीच नाही.”

“अंगाने नसेल आला. त्याच्या नकला आल्यात. आपणच काढलेल्या, मागच्या खोलीत, दर खेपेला तुलनेसाठी. मागून पुढे काहीतरी जातंय रजनी, आणि आपण बदलत नाही असं काहीतरी. काय आहे ते?”

“रजिस्टर बघून सांगते,” मी म्हटलं.

पुढच्या खोलीतल्या ओट्यावर, जिथे आम्ही पाण्याच्या नळ्या भरायचो, तिथेच मी ते उघडलं. सोमवारचं पान. त्यावर दिलावरच्या रेघांचा फोटो डकवलेला होता. मी डकवलेला. मागच्या खोलीत, काचेवरून फोटो निघाला की लगेच, त्याच हातमोज्यांनी. मग हातमोजे काढायचे, एप्रन बदलायचा, चपला बदलायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि रजिस्टर बगलेत मारून पुढच्या खोलीत यायचं.

पान उलटायला उचललेला हात माझा तसाच राहिला.

मॅडम फोनवर गेल्या होत्या. मी रजिस्टर मिटलं, बोळ ओलांडला. बाकड्यावर दोघं होते. दिलावरने विचारलं, “काय ताई?” मी “काही नाही” म्हणून पुढे गेले. मागच्या खोलीत दार लावून दिवा बंद केला आणि जांभळ्या उजेडात रजिस्टर उघडलं.

रेघा दिसाव्यात म्हणून आम्ही जो रंग घालतो तो या उजेडात पेटतो. पानं निळसर दिसत होती, आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक नारिंगी ठसा होता. अंगठ्याचा. माझ्या. ‘बाबर, चपला न बदलता’ या पानावर. ‘दातारमॅडम, शिंक’ या पानावर. ‘गुरुवार, सव्वाचार, पंखा’ याच्यावर तर दोन, कारण ती नोंद मी पुन्हा पुन्हा काढून वाचली होती.

तिथे उभी राहून मी जे मोजलं ते सांगते. रजिस्टर आजपासून घरी नेलं, तर पाणी उद्या आपसूक कोरं होईल. कारण कुणाला कळणार नाही. बाबर सुटलेलेच आहेत, कागदाने सुटले. दोन दिवसांत सगळे विसरतील. एवढं मोजून झालं आणि मग लक्षात आलं की उद्या पाणी कोरं आलं तरी ते का आलं हे मॅडमना कळणार नाही, आणि का आलं हे कळल्याशिवाय त्या बाईने कुठल्याच पट्टीवर सही केली नसती. सोमवार उजाडला असता. शिंगाड्यांनी पेढ्यांवर औषध बदललं असतं.

मी दिवा लावला, दार उघडलं आणि मॅडमना हाक मारली.

त्यांनी पानं उलटली. पाच, सहा. शेवटी एवढंच म्हणाल्या, “पुठ्ठा कापसाने पुसून त्या बोळ्यावर चाचणी लाव. खात्री करू.” लावली. प्रयोगशाळेत त्या आठवड्यात इतकी ठसठशीत रेघ दुसरी कुठली उमटली नाही.

शनिवारी शमीमचं ताजं रक्त घेतलं. पुढच्या खोलीत मी रिकाम्या हातांनी गेले. लिहायला एक नवं पेन आणि कोरी चिठ्ठी आतच ठेवली होती, ती आतच राहिली. आठ महिन्यांत पहिल्यांदा बगल रिकामी होती, आणि चालताना हात कुठे ठेवावा कळेना.

पस्तीस खेपांना अडीच तास लागले. काच पेटवली. मॅडम माझ्या डाव्या बाजूला, बाबर उजव्या. तिघांनीही आधी कडेची रांग पाहिली.

काळी. कोरी. काही नाही.

“पाणी गप्प,” बाबर म्हणाले.

मग दिलावरची रांग: दोन. मग शमीमची.

एक.

मी दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मी सांगू का त्याला?”

“नको. मीच सांगितलं होतं.”

दिलावर उभाच होता. “पाणी बघितलं?”

“बघितलं. कोरं आहे.”

“आणि शमीम?”

“एकच रेघ.”

त्याने बाकड्यावर टेकायचं म्हणून हात मागे नेला, पण बसला नाही. “म्हणजे माझं काहीच नाही उरलं तिच्यात.”

“नाही.”

“आणि सोमवारी औषधं बदलली असती तर?”

उत्तराला तो थांबला नाही. टोपी डोक्यावर घालून म्हणाला, “परत कधी द्यायचं सांगा. आज रात्रीची गाडी आहे.”

तो गेल्यावर मी बाबरांपुढे रजिस्टर घेऊन गेले, पारदर्शक पिशवीत बांधलेलं. मॅडमनी ते जाळायला सांगितलं होतं.

“बाबर, गुरुवारची नोंद खोडते. मीच बोलावलं होतं तुम्हाला.”

“खोडू नका,” ते म्हणाले. “आत मी गेलोच व्हतो. सव्वाचारला. पंखा अजून करकरतोय.” मग पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, “फकस्त जाळायच्या आधी तुमचीबी एक लिवा. एक्केचाळीस बरं दिसत नाही.”

लिहिली. हातमोजे घालून, मागच्या खोलीत. बेचाळिसावी. कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर बराच वेळ गेला.

त्यानंतर चार महिन्यांनी, डिसेंबरात, दिलावर पुन्हा त्या बाकड्यावर बसला होता. दोन्ही खोल्यांत आता दोन वेगळी रजिस्टरं होती, टेबलाच्या पायांना सुतळीने बांधलेली. मी दार उघडून बोळात आले. तो उठला. आहे का नाही, असं त्याने विचारलं नाही.

“पाणी?”

“कोरं.”

त्याने खाली वाकून आधी चपला घातल्या, नीट, एकेक. मग माझ्याकडे पाहिलं.

“दोन,” मी म्हटलं.

तो जिना उतरला. एकेक पायरी.